मोकळ्या रात्रीची फुलं

सोलमध्ये एके काळी रात्री बाराला भोंगा वाजायचा आणि पहाटे चार वाजेपर्यंत रस्त्यावर माणूस दिसायचा नाही. १९४५ साली अमेरिकन लष्करी अंमलात सुरू झालेली ही संचारबंदी पुढे दक्षिण कोरियाच्या बहुतेक भागांत पसरली आणि १९८२च्या ५ जानेवारीपर्यंत टिकली. एका पिढीचा जन्म, शिक्षण, लग्न, पोरंबाळं असं सगळं या चार तासांच्या कुलपाआड झालं. शेवटची बस चुकली की रात्र पोलीस चौकीच्या बाकावर काढायची, हे तिथल्या लोकांना नवं नव्हतं. नाताळ आणि वर्षअखेरीच्या रात्री तेवढी सूट असे, म्हणून त्या रात्री गर्दी नुसती उसळायची. १९८१च्या सप्टेंबरात १९८८चं ऑलिंपिक सोलला मिळालं आणि रात्री दार लावून बसणारं शहर जगाला कसं दाखवायचं, हा प्रश्न राज्यकर्त्यांपुढे उभा राहिला. तीन महिन्यांत कुलूप निघालं.

चे जॉंग-ह्वा या कलावंताचा जन्म १९६१चा, सोलचा. म्हणजे विशी गाठेपर्यंत स्वतःच्या शहराची मध्यरात्र त्याने रस्त्यावर उभं राहून मोकळेपणाने पाहिलेली नव्हती. २०१९च्या मे महिन्यात तोक्योच्या रोप्पोंगी आर्ट नाइट या उत्सवाचा मुख्य कलावंत म्हणून तो आला, तेव्हा त्याची हवेने फुगवलेली फुलं-फळं शनिवारच्या संध्याकाळपासून रविवारच्या पहाटेपर्यंत लोकांच्या अंगाखांद्याशी होती. कुणी टेकून बसलं, कुणाचं मूल त्यांच्या कुशीत झोपलं.

कोरियन कलावंतांच्या उघड्यावरच्या शिल्पांची ओळख करून देताना मी मुद्दाम संचारबंदीपासून सुरुवात केली. ही शिल्पं पाहून ‘छान आहे, रंगीत आहे, मुलांना आवडेल’ असं म्हणून पुढे जाणारे पुष्कळ भेटतात. फोटो काढायचा, मित्रांना पाठवायचा, संपलं. मला वाटतं, त्यात त्या शिल्पांवर अन्याय होतो. रात्र ज्यांच्याकडून काढून घेतली गेली होती, त्यांनी ती परत मिळाल्यावर तिच्यात काय ठेवलं, या नजरेने ही शिल्पं पाहावीत असा माझा आग्रह आहे. या पुस्तकातली पानंही त्याच नजरेने उलटावीत.

आधी उत्सवाविषयी थोडं. शहराने एक रात्र जागून कला पाहायची ही कल्पना आज जगभर पसरली आहे, पण तिचं वय फार नाही. हेलसिंकीत १९८९ साली कलेची रात्र सुरू झाली. पॅरिसने २००२च्या ऑक्टोबरात ‘न्वी ब्लांश’ केली. फ्रेंचमध्ये या शब्दांचा शब्दशः अर्थ पांढरी रात्र, आणि रोजच्या वापरातला अर्थ डोळ्याला डोळा न लागलेली रात्र. त्या पहिल्याच रात्री पॅरिसचे महापौर बर्त्रां देलानोए यांच्यावर नगरभवनात चाकूहल्ला झाला. ते वाचले आणि उत्सवही वाचला. २००६ पासून टोरांटोने तीच कल्पना घेतली. आपल्याकडे कोजागरीचा जागर आहे, गणपतीचे देखावे पाहत रात्रभर पायी फिरणारी कुटुंबं आहेत, त्यामुळे मराठी वाचकाला यात नवल वाटायला नको. दमलेल्या पायांनी आणि ताज्या डोळ्यांनी शहर पाहणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे.

रोप्पोंगी आर्ट नाइटची सुरुवात २००९च्या मार्चची. सूर्यास्त ते सूर्योदय हा तिचा मुख्य काळ ठरला आणि पहिल्या वर्षी केंजी यानोबे यांचा आग ओकणारा अवाढव्य ‘तोरायान’ रोप्पोंगी हिल्सच्या चौकात उभा राहिला. २०११ साली भूकंप आणि त्सुनामीमुळे उत्सव झाला नाही. त्याच भागात तात्सुओ मियाजिमा यांचं ‘काउंटर व्हॉइड’ नावाचं काम आहे. रस्त्याकडेच्या भिंतीत नऊपासून एकपर्यंत उलटे मोजत जाणारे माणसाहून उंच प्रकाशाचे आकडे. २००३ पासून तेवत असलेले ते आकडे मियाजिमा यांनी भूकंपानंतर दोन दिवसांनी स्वतःहून विझवले. रात्रीच्या कलेत अंधारही कलावंताच्या हातातलं माध्यम असतो, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

रोप्पोंगी या शब्दाचा अर्थ सहा झाडं. महायुद्धानंतर अमेरिकन सैनिकांच्या वावरामुळे हा भाग बार आणि नाइट क्लबांसाठी नावाजला, थोडा बदनामही झाला. २००३ साली मोरी आर्ट म्युझियम गगनचुंबी इमारतीच्या त्रेपन्नाव्या मजल्यावर उघडलं, २००७ साली किशो कुरोकावांची नागमोडी काचेची नॅशनल आर्ट सेंटरची इमारत आली, सन्तोरी म्युझियम तोक्यो मिडटाउनमध्ये आलं, आणि या तिघांच्या त्रिकोणात उत्सवाला घर मिळालं. पण या जागेच्या पोटात आणखी एक थर आहे. नॅशनल आर्ट सेंटर जिथे आहे, तिथे पूर्वी शाही जपानी सैन्याच्या तिसऱ्या पायदळ रेजिमेंटची बराक होती. मिडटाउनची जागाही आधी जपानी सैन्याची, मग अमेरिकनांची, मग जपानच्या संरक्षण खात्याची.

आता हे कोरियन माणसाच्या बाजूने पाहा. १९१० ते १९४५ कोरिया जपानची वसाहत होता. त्या सैन्याच्या बुटांचा आवाज कोरियन घरांतल्या आजी-आजोबांच्या आठवणीत होता. त्याच मातीवर २०२२ साली ली उफान यांचं मोठं सिंहावलोकनी प्रदर्शन भरलं. ली उफान १९३६ साली कोरियात जन्मले, १९५६ साली जपानला आले आणि ‘मोनो-हा’ या चळवळीचे विचारवंत म्हणून ओळखले गेले. धोंडा आणि पोलादी पत्रा समोरासमोर ठेवायचे, एवढंच ते करतात, आणि मधल्या रिकाम्या जागेला बोलू देतात. त्यांनी या जागेच्या इतिहासावर भाष्य केलं असं मी म्हणत नाही. पण बराकीच्या जागी एका कोरियन माणसाचे धोंडे शांतपणे येऊन बसतात, हे दृश्य मला कुठल्याही भाष्याहून मोठं वाटतं. दोन्ही देशांत राजनैतिक संबंध जोडणारा करार १९६५चा. त्याला साठ वर्षं झाली त्या २०२५ साली रोप्पोंगी आर्ट नाइटने कोरियन कलावंतांवर खास प्रकाशझोत टाकला. साठ वर्षांत दोन्ही देशांतली सगळी दुखणी मिटली असं नाही. इतिहासाची भांडणं अजून अधूनमधून पेटतात, आणि तरीही रात्री रस्त्यावर एकमेकांची शिल्पं पाहायला लोक येतात.

कोरियाच्या रस्त्यावर शिल्पांची वाण नाही, उलट गर्दीच आहे, आणि तिच्यामागे कायदा आहे. इमारतीच्या खर्चातला एक टक्का कलेवर खर्च करावा अशी शिफारस १९७२ सालच्या कायद्यात होती. १९९५ पासून दहा हजार चौरस मीटरच्या वरच्या इमारतींना ते सक्तीचं झालं. परिणामी सोलच्या प्रत्येक मोठ्या कचेरीच्या दारात काही ना काही उभं असतं: ग्रॅनाइटचं आई-मूल, चकचकीत पोलादी गोळे, आकाशाकडे झेपावणारं काहीतरी. त्यात चांगली कामंही आहेत. ग्वांगह्वामुनजवळचा जोनाथन बोरॉफ्स्कीचा बावीस मीटर उंच ‘हॅमरिंग मॅन’ २००२ पासून हातोडा वरखाली करत उभा आहे आणि शहराने त्याला आपलंसं केलं आहे. एका पोलाद कंपनीच्या दारात १९९७ साली फ्रँक स्टेलाचं ‘आमाबेल’ आलं तेव्हा मात्र लोकांनी भंगार म्हणून नाकं मुरडली, ते काढायच्या गोष्टी सुरू झाल्या, आणि अखेर ते तिथेच राहिलं. पण बरीचशी कामं नियम पाळायचा म्हणून पाळलेली. ती कुणी पाहत नाही. सुरक्षारक्षक त्यांच्या आडोशाला सिगरेट ओढतो.

चे जॉंग-ह्वा आणि त्याच्या पिढीतले कलावंत या गर्दीत वाढले. चौथऱ्यावरचं शिल्प लोकांच्या डोळ्यांवरून घसरून जातं, हे त्यांनी रोज पाहिलं होतं. त्याच्याहून एका वर्षाने लहान असलेल्या दो-हो सुहने १९९८ साली ‘पब्लिक फिगर्स’ केलं, त्यात चौथरा आहे पण वर कुणीच नाही. खाली वाकून पाहिलं की शेकडो चिमुकली माणसं दोन्ही हात वर करून तो चौथरा पेलताना दिसतात. ते काम नव्या स्वरूपात २०२४ साली वॉशिंग्टनमध्ये आशियाई कलेच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या दारात आलं. याच सुहने २०१८ साली लंडनच्या वर्दळीच्या रस्त्यावरच्या पादचारी पुलावर एक अख्खं कोरियन कौलारू घर टेकवून ठेवलं, जणू आकाशातून पडून तिथे अडकलंय. चे दुसऱ्या वाटेने गेला. त्याने चौथरा उलटा केला नाही, सरळ बाजारात निघून गेला.

कोरियन बाजारात प्लॅस्टिकची टोपली मिळते, तिला ‘सोकुरी’ म्हणतात. मूळची बांबूची, भाजी धुवायची, निथळत ठेवायची, मिरच्या वाळवायच्या. पुढे ती प्लॅस्टिकची झाली, भडक हिरवी आणि भडक लाल. आपल्या मंडईतली, आठवडी बाजारातली चाळणी डोळ्यांसमोर आणा, चूक होणार नाही. माझ्या स्वयंपाकघरात एक लाल चाळणी आहे, तिची एक कड गरम कढईला लागून वितळलेली आहे. साच्यातून निघताना राहिलेली शिवण तिच्या तळाला बोटाला लागते. उजेडासमोर धरली की तिचा लाल रंग भोकांतून हातावर पडतो. अशा टोपल्या चेने २०१३ साली देगू आर्ट म्युझियममध्ये एकावर एक रचल्या. एकूण ५,३७६ टोपल्या, सोळा मीटर उंची, आणि नाव दिलं ‘कब्बाला’. खाली उभं राहून वर पाहणाऱ्याला देवळाच्या खांबांमध्ये आल्यासारखं वाटतं, आणि जवळ गेलं की प्रत्येक टोपली आपल्या घरातली असते. हे दोन अनुभव एकाच वेळी येणं, हीच चेची खरी किमया. स्वस्त वस्तूला तो महाग करत नाही. ती स्वस्तच राहते, आणि तरी आपण मान वर करून तिच्याकडे पाहतो.

लोकांकडून वस्तू मागून आणण्याची त्याची जुनी सवय आहे. २००९ साली त्याने सोलमध्ये एका दहा मजली इमारतीला टाकून दिलेले एक हजार दरवाजे लावले. प्रत्येक दरवाजा कुणाच्या तरी घराचा, कुणी तरी रोज उघडलेला, रागात आपटलेला. २०१८ साली सोलच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या अंगणात त्याने ‘मिनदुल्ले’ उभं केलं. मिनदुल्ले म्हणजे डँडेलियनचं फूल, वाऱ्यावर उडणाऱ्या म्हातारीचं. त्यासाठी सोल, बुसान आणि देगूच्या लोकांनी घरची वापरलेली भांडी दिली. सुमारे सात हजार भांडी: पातेली, वाट्या, झाकणं, किटल्या. नऊ मीटर उंच आणि ३.८ टन वजनाचं हे फूल. डोळे मिटून फुंकर घालावी अशा फुलाला त्याने जगातल्या सगळ्या स्वयंपाकघरांचं वजन दिलं.

पण रात्रीच्या उत्सवातलं त्याचं काम वजनाच्या उलट टोकाला आहे: हवा. सॅन फ्रान्सिस्कोच्या नगरभवनासमोरच्या मैदानात २०१२ साली त्याचं सुमारे सात मीटर व्यासाचं लाल कमळ होतं. पाकळ्या एकामागोमाग एक ताठ होत, मग मऊ पडत, मग पुन्हा ताठ. कमळ श्वास घेतं, असंच पाहणाऱ्याला वाटे.

अशा शिल्पाच्या अगदी जवळ जाऊन उभं राहिलं की आधी कानाला कळतं. आतल्या पंख्याचा सलग घरघर आवाज असतो. कापड जाड नायलॉनचं, त्यावर दुहेरी शिलाई, आणि शिलाईच्या भोकांतून हवेची बारीक झुळूक बाहेर येते. हात पुढे केला तर तळव्याला ती लागते. म्हणजे ही वस्तू कधीच पूर्ण भरलेली नसते. हवा सारखी गळते आणि सारखी भरावी लागते. पंखा थांबला की दहा-पंधरा मिनिटांत फळ सुरकुततं. खाली दोर असतात, वजनं असतात, कारण एवढ्या पृष्ठभागावर वारा धरला तर शिल्पाचं शीड होतं. वारा वाढला की माणसं धावतात आणि हवा सोडून देतात. रात्रभर कुणीतरी या शिल्पांपाशी जागं असतं.

आणि दिवा आत असतो. हा तपशील महत्त्वाचा आहे. दगडी किंवा कांस्य पुतळ्यावर रात्री बाहेरून प्रकाश टाकावा लागतो. त्याने नाक-डोळे उठून दिसतात, मागे काळी सावली पडते, पुतळा अधिक भारदस्त होतो आणि थोडा भीतिदायकही. फुगवलेल्या कापडात दिवा पोटात असतो. शिल्पाची स्वतःची सावली पडत नाही. जवळ आलेल्या माणसांच्या चेहऱ्यावर मात्र त्याचा रंग पडतो, आणि मग आपण शिल्पाइतकंच एकमेकांना पाहायला लागतो. कोरियात बुद्धजयंतीला कागदी कमळांचे कंदील घेऊन मिरवणूक निघते, तिला ‘योनदुंग्हे’ म्हणतात. युनेस्कोने २०२० साली तिला मानवी वारशाच्या यादीत घेतलं. कागदाच्या आत ज्योत, ज्योतीचा रंग हातावर. चेच्या कमळांची वंशावळ मला तिथे दिसते. आपल्याकडच्या आकाशकंदिलाला हे नातं वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

जपानमध्येही चे पाहुणा नाही. उत्तरेकडच्या तोवादा शहरातल्या कला केंद्रासमोर २००८ पासून त्याचा ‘फुलांचा घोडा’ मागच्या पायांवर उभा आहे, साडेपाच मीटर उंच, नखशिखांत रंगीत फुलांनी झाकलेला. हे शहर एके काळी लष्करासाठी घोडे तयार करणारं. युद्धावर जाणाऱ्या घोड्याची आठवण फुलांनी झाकून टाकणं ही गोड-गोड कल्पना वाटेल. मलाही आधी वाटली होती. पण युद्धाच्या घोड्याला खोगिराऐवजी फुलं घालणारा माणूस त्या सैन्याच्या अंमलाखाली राहिलेल्या देशातला आहे, हे लक्षात आल्यावर तो घोडा मला वेगळा दिसू लागला.

पुढच्या पिढीने हवा आणखी पुढे नेली. इम जी-बिन शहरातल्या इमारतींच्या सांदीत, बोळात, जिन्याखाली मोठमोठी अस्वलं फुगवून बसवतो. जागा अपुरी असते, अस्वल चेपलं जातं, त्याचा गाल भिंतीला दाबला जातो. छोट्या घरांत, मोठ्या शहरांत कोंबून राहणाऱ्या कुणालाही ते अस्वल ओळखू येतं. कांग जे-वन संगणकावर आकार घडवतो, ओढतो, पिळतो, आणि मग चांदीसारख्या कापडात तो फुगवतो. त्यात रस्त्यावरचे सगळे दिवे वाकडे होऊन दिसतात. या दोघांवर पुढे स्वतंत्र प्रकरणं आहेत, म्हणून इथे थांबतो.

या शिल्पांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो बाजूला सारण्यासारखा नाही. ही कामं मोठ्या मॉलसमोर, जमीनमालक कंपन्यांच्या आवारात, त्यांच्या पैशाने उभी राहतात. गर्दी खेचायची, दुकानं रात्री उघडी ठेवायची, हा हिशेब असतोच. रोप्पोंगी त्याला अपवाद नाही. शिवाय प्लॅस्टिक आणि नायलॉन. पृथ्वीवर आधीच काय कमी आहे? चेच्या कामाचं मला पटणारं उत्तर असं, की त्याने प्लॅस्टिकचा पसारा लपवला नाही. २००८ साली सोलच्या ऑलिंपिक स्टेडियमभोवती त्याने लोकांनी गोळा केलेल्या प्लॅस्टिकच्या लाखो तुकड्यांच्या माळा लावल्या होत्या, आणि तो कचरा आपल्या सगळ्यांचा आहे हे पाहणाऱ्याला नाकारता येत नव्हतं. पैशाच्या आक्षेपाला मात्र माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढंच म्हणेन, की पहाटे तीन वाजता त्या आवारात बसलेल्या माणसाला कुणी काय विकत घेणार म्हणून विचारत नाही. ज्या देशात त्या वेळी बाहेर असणं हा गुन्हा होता, त्या देशातल्या कलावंताला या मोकळीकीची किंमत माझ्यापेक्षा नीट ठाऊक असणार.

वाचकाला एक विनंती. पुढची छायाचित्रं शक्यतो संध्याकाळनंतर पाहा, खोलीतला मोठा दिवा घालवून, बाजूचा लहान दिवा लावून. कागदावरचा लाल रंग दिवसा आणि रात्री सारखा दिसत नाही. आणि शेवटचं छायाचित्र आधी पाहू नका. ते उत्सव संपल्यानंतरच्या सकाळचं आहे. पंखे बंद झालेत, एक भलं मोठं संत्रं फरसबंदीवर सपाट पसरलंय, आणि हातमोजे घातलेली दोन माणसं त्याची घडी घालतायत, एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला, धुतलेलं मोठं लुगडं दोघांनी मिळून घडी घालतात तशी.